नव्या लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटतं? कार्ड मागवण्याआधी हे तपासा

माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपबरोबर हल्ली एक छोटी डबीही येते. डबीत नवंकोरं वाय-फाय कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या आत बसणारा, वाय-फाय पकडणारा छोटा भाग. "जास्त काही नाही, हे तेवढं बसवून द्या." लॅपटॉप घेऊन दोन महिनेही झालेले नसतात. वाय-फाय तुटतं, कुठेतरी वाचलेलं असतं की कार्ड बदललं की थांबतं, म्हणून सगळ्यात मोठ्या आकड्याचं कार्ड मागवलेलं असतं. मी ती डबी बाजूला ठेवते आणि खाली दिलेल्या क्रमानं तपासायला बसते. बऱ्याचदा डबी न फोडताच परत जाते. कधी मूळ कार्ड ठणठणीत निघतं, तर कधी नवं कार्ड त्या मशीनवर चालणारच नसतं.

लक्षणं

"वाय-फाय चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तुमचं यातलं कोणतं आहे ते ठरवा.

चालता चालता मध्येच तुटतं, अर्ध्या-एक मिनिटानं आपोआप जोडलं जातं.

लॅपटॉप झोपवून उठवला की वाय-फायचं चिन्हच गायब. नेटवर्कची यादी नाही, चालू-बंद करायचं बटणही नाही. रीस्टार्ट केल्यावर कधी परत येतं, कधी नाही.

राउटरच्या खोलीत झकास, एक भिंत ओलांडली की मेलं. मोबाइल मात्र त्याच जागी व्यवस्थित चालतो.

स्क्रीन पुढेमागे केली की सिग्नलच्या रेघा कमी-जास्त होतात. (हे लक्षण कुणी स्वतःहून सांगत नाही, मला विचारावं लागतं.)

बाहेरची हार्डडिस्क लावली की नेट रांगायला लागतं आणि ब्लूटूथ माउस अडखळतो.

घरातलं एखादंच नेटवर्क या लॅपटॉपला दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं.

दोन दिवस कागदावर टिपून ठेवा: किती वाजता तुटलं, लॅपटॉप कुठे होता, चार्जर लावलेला होता का, कोणत्या यूएसबी खाचेत काय खुपसलेलं होतं. कंटाळवाणं काम आहे, पण या चार ओळींनी माझा अर्धा तास वाचतो.

आधी लॅपटॉपवरचा संशय काढा

सगळ्यात सोपी आणि फुकटची तपासणी म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. लॅपटॉप त्यावर जोडा आणि तासभर नेहमीचं काम करा. एकदाही तुटलं नाही तर दोष राउटरकडे असण्याची शक्यता जास्त, आणि कार्ड बदलून तो जाणार नाही. हॉटस्पॉटवरही तसंच तुटलं तर राउटर सुटला, पुढच्या तपासण्यांकडे वळा.

राउटरवर बोट आलं तर त्याच्या सेटिंगमध्ये आधी चॅनेल पाहा. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांवर बोलतो, आणि चॅनेल म्हणजे त्या पट्ट्यातली त्याची क्रमांक दिलेली जागा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. राउटर १२ किंवा १३ वर गेला असेल तर काही लॅपटॉपना ते नेटवर्क दिसतच नाही, कारण कार्डात कोरलेल्या प्रदेशाच्या नियमात ते चॅनेल बंद असतात. "मोबाइलला दिसतं, लॅपटॉपला दिसत नाही" या तक्रारीचं हे एक नेहमीचं उत्तर.

५ गिगाहर्ट्झवर गंमत वेगळी आहे. तिथले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरनं ती जागा सोडायची असा नियम आहे, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान ६० सेकंद कान देऊन ऐकायचं. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की नेट गेलं आणि मिनिटभरानं आलं. नवीन राउटर भरपूर वेग मिळावा म्हणून चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ धरतात, आणि ३६ पासून सुरू होणारा तेवढा रुंद पट्टा ६४ पर्यंत, म्हणजे रडारच्या हद्दीत जातोच. रुंदी ८० करा, चॅनेल ३६ ते ४८ मधला पक्का करा आणि दोन दिवस बघा. वेगाचा आकडा खाली येईल, पण व्हिडिओ कॉल मध्येच तुटण्यापेक्षा ते परवडतं.

खाचेत काय लावलंय?

यूएसबी ३ च्या तारा आणि उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असल्यामुळे माउस आणि नेट एकदम बिघडतात. डिस्क किंवा हब काढून बघा. फरक पडला तर ते दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावा, थोड्या लांब तारेनं दूर ठेवा, नाहीतर सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. यासाठी कार्ड बदललं तर नवं कार्डही तेच करेल.

पूर्ण बंद म्हणजे खरोखर पूर्ण बंद

चिन्ह गायब होणाऱ्यांसाठी ही तपासणी. विंडोजमध्ये शट डाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे यंत्रणेचा बराच भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. शिवाय लॅपटॉप बंद दिसत असताना कार्डाला थोडी वीज मिळतच राहते. कार्डाच्या आतला फर्मवेअर (कार्ड चालवणारा, त्यातच साठवलेला प्रोग्राम) एकदा अडकला की असल्या अर्धवट बंद करण्यानं सुटत नाही.

शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउन निवडा. चार्जर काढा. पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मिनिटभर थांबून चार्जर लावा आणि सुरू करा. गायब झालेलं कार्ड एवढ्यानं परत आलं की मालक माझ्याकडे असा बघतो जणू मी अंगारा लावलाय. हे एकदाच करून महिनोन्‌महिने निभावलं तर ठीक. दर आठवड्याला करावं लागत असेल तर दोष ड्रायव्हरमध्ये (विंडोज आणि कार्ड यांचं बोलणं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), विजेच्या बचतीत किंवा कार्डातच आहे, पुढे चला.

विजेची बचत

विंडोजमधली उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्डाचं नाव असतं. ते याच वेळी कागदावर लिहून घ्या, नंतर लागणार आहे. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढून टाका. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पान नसतंच, कारण झोपेचा सगळा कारभार विंडोज आपल्या हातात ठेवते. नसेल तर शोधत बसू नका.

हे का तपासायचं? चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर तुटतं अशी नोंद तुमच्या कागदावर असेल तर कारण इथेच सापडायची शक्यता मोठी. कार्डाला झोपवलं जातं आणि ते वेळेत उठत नाही.

ड्रायव्हर

ड्रायव्हर काढून टाकण्याआधी नवा उतरवून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. हे मी जाड अक्षरात लिहून भिंतीवर लावायला हवं. ड्रायव्हर काढला, वाय-फाय गेलं, आता नवा उतरवायला वाय-फाय हवं. अशी माणसं मला आठवड्याला भेटतात. फसलाच असाल तर मोबाइल तारेनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

क्रम असा ठेवा. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर आधी. त्यानं भागलं नाही तर चिप बनवणाऱ्याचा, म्हणजे इंटेल, मीडियाटेक, रियलटेक वगैरे. आणि तक्रार एखाद्या अपडेटनंतर सुरू झाली असेल तर उलटं चाला: प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक आहे, जुन्या आवृत्तीवर या. नवीन म्हणजे चांगलं हे ड्रायव्हरच्या बाबतीत नेहमी खरं नसतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि तक्रार गेली, तर कशानं गेली हे कधीच कळत नाही. ती परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड १० किंवा ४३ दिसत असेल, आणि वरची पूर्ण बंद करायची युक्ती व ड्रायव्हर दोन्ही करूनही तो जात नसेल, तर आता मात्र कार्डावर संशय घ्यायला हरकत नाही.

जोडणीचा आकडा काय सांगतो

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण लॅपटॉप न उघडता आतल्या अँटेनाबद्दल अंदाज येतो. राउटरपासून दोन-तीन मीटरवर बसा, मध्ये भिंत नको. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड बघा. हा डाउनलोडचा वेग नव्हे, कार्ड आणि राउटर एकमेकांशी ज्या वेगानं बोलतात तो.

वाय-फाय ४, ५, ६, ७ या त्याच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या. दोन अँटेनांचं वाय-फाय ६ कार्ड ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर जवळून १२०१ (मेगाबिट प्रति सेकंद) दाखवतं. एकाच अँटेनाचं ६००. वाय-फाय ५ चे तेच आकडे ८६६ आणि ४३३. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झ रुंदीला वाय-फाय ४ चे १४४ आणि ७२. आकडा थोडा खालीवर होईल, त्यात काही नाही. पण दोन अँटेनांचं कार्ड असून आकडा कायम अर्ध्यावर अडकलेला असेल, आणि एका भिंतीपलीकडे सिग्नल कोसळत असेल, तर एखादी अँटेनाची तार निघाली आहे असं मी धरून चालते.

मात्र आधी कागदावर लिहिलेलं कार्डाचं नाव शोधून ते मुळात किती अँटेनांचं आहे ते बघा. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये नव्यानंच एक अँटेनाचं कार्ड येतं. तिथे ४३३ हाच त्याचा पूर्ण जोर. दोन अँटेनांचं कार्ड आणून उपयोग नाही, कारण स्क्रीनपासून तारच एक आलेली असते.

उसनं यूएसबी वाय-फाय

उघडण्याआधीची शेवटची तपासणी. कुणाकडून तरी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर उसना आणा, लॅपटॉपचं स्वतःचं वाय-फाय बंद करा आणि त्याच जागी, त्याच नेटवर्कवर एक दिवस काढा. अडॅप्टरही तुटत असेल तर घोळ विंडोजमध्ये किंवा राउटरमध्ये. अडॅप्टर छान चालला तर दोष कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा अँटेना यात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून मूळ कार्ड बघितलं तर आणखी बारीक निवड होते. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखंच तुटत असेल तर ड्रायव्हरवरचा संशय जवळजवळ गेला.

काहींना इथेच लक्षात येतं की हा अडॅप्टरच कायम लावून ठेवला तर चालतंय. चालत असेल तर ठेवा. माझा काही विरोध नाही.

आता उघडायचं

लॅपटॉप नवा असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा. वॉरंटीत असलेलं मशीन, मूळचा दोष, आणि वरच्या तपासण्या झालेल्या, अशा वेळी मी स्वतः उघडत नाही. मालकाला त्याचा कागद घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवते. "हॉटस्पॉटवरही तुटतं, दोन ड्रायव्हर वापरून झाले, यूएसबी अडॅप्टर चालतो" एवढं लिहून नेलं की "फॉरमॅट करून बघा" ही फेरी वाचते.

स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरी. मागचं झाकण निघाल्यावर पहिलं काम तिचा जोड मदरबोर्डपासून (आतल्या मुख्य बोर्डापासून) सोडवणं. काही मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) आतली बॅटरी तात्पुरती बंद करायची सोय असते, ती असेल तर तीही वापरा. हातातली स्थिर वीज जाण्यासाठी आधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावा.

बदलता येणारं कार्ड टपाल तिकिटाएवढं असतं, २२ बाय ३० मिलिमीटर, म्हणून त्याला २२३० म्हणतात. एका स्क्रूनं धरलेलं, आणि वर दोन बारीक तारा, बहुधा एक काळी, एक पांढरी. तारांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा जराशी मोठी सोनेरी वाटी. हीच ती नाजूक जागा. वाटी वरून सरळ दाबली की बारीक "टक्" जाणवते. तिरकी दाबली तर तिची कड वाकते आणि मग ती बसल्यासारखी दिसते पण धरत नाही. काढताना तारेला ओढायचं नाही, वाटीच्या कडेखाली प्लॅस्टिकची पट्टी घालून सरळ वर उचलायची. या जोडांचं आयुष्य साधारण ३० वेळा काढण्या-घालण्याचं, त्यामुळे उगाच काढघाल करून बघू नका.

वाटी निघालेली सापडली तर बसवा, बॅटरी जोडा, आणि लिंक स्पीड पुन्हा बघा. झालं असेल तर कार्डाचा विषय संपला.

स्क्रीन हलवल्यावर सिग्नल बदलतो असं लक्षण असेल तर कार्डाकडे बघूच नका. अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या चौकटीत असतात आणि त्यांच्या तारा बिजागरीतून खाली येतात. तिथे तार चेपते किंवा आतून तुटते. हे काम स्क्रीन उकलण्याचं आहे, घरी करायचं नाही.

कार्ड खरंच बदलायचं ठरलं तर

पहिला प्रश्न: ते निघतं का? बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये १२ बाय १६ मिलिमीटरची चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तसं असेल तर कार्डखरेदी इथेच थांबली.

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे बुडवतो. इंटेलची कार्डं जोडीनं येतात: एएक्स २०० आणि २०१, एएक्स २१० आणि २११, बीई २०० आणि २०१. वरून जुळी भावंडं, खाचेतही बसतात. पण शेवटी १ असलेलं कार्ड अर्धंच असतं. त्याचा उरलेला मेंदू इंटेलच्या प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये असतो, आणि दोघांमधल्या जोडणीला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडी प्रोसेसरच्या मशीनमध्ये २११ बसवलं तर काही जळत नाही, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच उगवत नाही. इंटेलच्या मशीनमध्येही ते ठरावीक पिढ्यांबरोबरच चालतं. शेवटी शून्य असलेली कार्डं पीसीआयईवर (मशीनमधल्या सर्वसाधारण जोडमार्गावर) चालतात म्हणून ती जास्त ठिकाणी चालतात. पण मूळचं कार्ड १ वालं असेल तर काही मशीनमध्ये त्या खाचेपर्यंत पीसीआयईच्या रेषा आणलेल्याच नसतात, तिथे शून्यवालंही निकामी. आणि बीई २०० शून्यवालं असूनही एएमडीच्या बऱ्याच मशीनवर ओळखलं जात नाही. तिथे एएक्स २१० किंवा मीडियाटेकचं कार्ड मी जास्त बिनघोर बसवते. एएमडीच्या लॅपटॉपवर आरझेड ६१६ असं नाव दिसलं तर आत मीडियाटेकची ७९२२ चिपच असते.

तिसरं, काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरू होताना संदेश दाखवून तिथेच थांबतं. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवा, सुट्या भागांच्या यादीत कोणती कार्डं आहेत ते बघा, त्यातलंच घ्या. कंटाळा आला तर खरेदीच्या पायऱ्यांपैकी एवढी एकच करा, त्यातल्या बाकी सोडल्या तरी चालतील.

वाय-फाय ७ घ्यावं का? राउटर ६ चा असेल तर लॅपटॉपमधलं ७ तिथे ६ सारखंच वागेल. विंडोजमध्ये ७ साठी विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती लागते, ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला विंडोज ११ आणि डब्ल्यूपीए३ ही पासवर्डची सुरक्षा पद्धत लागते, आणि तो पट्टा तुमच्या देशात किती खुला आहे यावरही ते अवलंबून. शिवाय जुन्या लॅपटॉपमधल्या अँटेना ६ गिगाहर्ट्झसाठी बनवलेल्याच नसतात. लिनक्स वापरणाऱ्यांनी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती बघावी, उदाहरणार्थ एएक्स २१० ला ५.१० किंवा त्यापुढचा लागतो.

नवं कार्ड बसवल्यावर वाय-फाय चालतं पण ब्लूटूथ नाही, असं झालं तर घाबरू नका. एकाच कार्डावर असले तरी वाय-फाय सहसा पीसीआयईनं बोलतं आणि ब्लूटूथ यूएसबीनं, दोघांचे ड्रायव्हरही वेगळे. आधी ब्लूटूथचा ड्रायव्हर टाका.

इथे हात थांबवा

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर कार्ड विसरा. चार्जर लावू नका, तिला टोचू किंवा दाबू नका, मशीन तसंच दुरुस्तीवाल्याकडे न्या. कार्डाच्या आसपास हिरवट-पांढरा थर असेल तर आत पाणी गेलंय, तेही घरचं काम नाही. स्क्रूचं डोकं घासलं गेलं तर जोर लावू नका. कार्डावरची सोनेरी खुंटी वाटीबरोबर उपटून आली तर ते कार्ड संपलं. ओळखीचं, दुसऱ्या मशीनवर चालणारं कार्ड या खाचेत दिसत नसेल आणि ते या मशीनला चालणारं आहे याची खात्री असेल, तर खाच किंवा मदरबोर्ड गेलाय. तिथे तिसरं कार्ड मागवू नका, बोर्डाचं काम करणाऱ्याला दाखवा.

आणि बदल यशस्वी झाला तरी मूळ कार्ड फेकू नका. नव्या कार्डाच्या डबीत ते नीट बसतं. डबीवर लॅपटॉपचं मॉडेल लिहून ठेवा. पुढे कधी मशीन वॉरंटीत पाठवायची वेळ आली, तर आधी ते परत बसवावं लागेल.